नाव सांगणारे यंत्र आणि माळावरची आजी

— द्वितीय वर्ष, कला

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात आमच्या प्राध्यापकांनी सहज एक प्रश्न विचारला होता. "तुम्ही ज्या गावाहून येता, तिथली दहा झाडे सांगा." माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "गुलमोहर, अशोक, निलगिरी..." आणि तिथेच अडले. वर्गात हसू पिकले. सरांनी बसायला सांगितले.

खरे सांगायचे तर मला चाळीस-पन्नास नावे येत होती. हिवर, तरवड, हेकळ, बोर, बाभूळ, लिंब, करंज. गवतांत कुसळी, मारवेल, पवना, हरळी. पावसाळ्यात उगवणारी कुर्डू, घोळ, पाथरी, तांदुळजा. पण ही नावे वर्गात सांगण्यासारखी आहेत, असे मला त्या वेळी वाटलेच नाही. ती घरची नावे. शेरडांमागे फिरताना ऐकलेली. कॉलेजात सांगायची नावे निराळी असतात, अशी माझी समजूत होती. पुढे कळले की गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, आणि आपल्या आवारात सरळसोट उभा असलेला अशोक हा मुळात खरा अशोकच नव्हे. खरा तो सीता-अशोक, लाल-केशरी फुलांचा. म्हणजे माझ्या गावची म्हणून मी जी तीन झाडे सांगितली, त्यांतले एकही माझ्या गावचे नव्हते!

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, सध्या एका नव्या साधनाची बरीच चर्चा ऐकू येते. इंग्रजीत त्याला 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हणतात. मराठीत कोणी 'संवर्धित वास्तव' म्हणतात. नाव जड असले तरी कल्पना सोपी आहे. डोळ्यांना पट्टी बांधून भलत्याच जगात नेणारे ते 'आभासी वास्तव'. हे तसे नाही. इथे आपण आपल्याच अंगणात उभे असतो. फोनचा कॅमेरा समोरच्या झाडावर धरला की पडद्यावर तेच झाड दिसते आणि त्यावर त्याचे नाव, त्याची माहिती, कधी चित्र तरंगू लागते. जे आहे त्यावर, जे दिसत नाही त्याची भर. या साधनाने आईबाप आणि मुले यांनी मिळून आपल्या परिसरातील झाडे, पाखरे, किडे ओळखावेत, म्हणजे जैवविविधतेचे शिक्षण पुस्तकातून उठून घरात येईल, असे त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आहे.

माझे मत मी आरंभीच सांगून टाकते. हे साधन चांगले आहे. पण ज्या रूपात ते आज आपल्यापर्यंत येते, त्या रूपात ते अर्धवट आहे. आणि राहिलेला अर्धा भाग पुरा करण्याचे काम विज्ञान शाखेचे नसून आपले, म्हणजे कला शाखेच्या मुलामुलींचे आहे.

खेळातून आलेले साधन

या साधनाची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना खेळातून झाली. २०१६ साली 'पोकेमॉन गो' हा खेळ निघाला. रस्त्यावर, बागेत, देवळाच्या पायऱ्यांवर फोन धरून काल्पनिक प्राणी पकडत फिरणारी मुले तेव्हा जगभर दिसू लागली. पुढे २०१९ साली गूगलने फोनवर वाघ, सिंह अशा प्राण्यांची चित्रे आपल्या खोलीत उभी करण्याची सोय काढली आणि २०२० च्या टाळेबंदीत ती घरोघर पोचली. आमच्या घरातही दहा बाय दहाच्या खोलीत, पीठाच्या डब्याशेजारी वाघ उभा राहिला. सगळ्यांनी फोटो काढले. आजी मात्र बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याला वास न्हाई." तेवढे बोलून ती उठून गेली.

त्या वेळी आम्ही हसलो. आज वाटते, टीकाकाराला हजार शब्दांत जे सांगता आले नसते, ते तिने तीन शब्दांत सांगितले.

पोकेमॉनसंबंधी एक अभ्यास मला वाचायला मिळाला. २००२ साली, म्हणजे 'गो' येण्याच्या फार आधी, ब्रिटनमधील अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतील मुलांना दोन प्रकारची चित्रे दाखवली. एका गठ्ठ्यात पोकेमॉनची पात्रे, दुसऱ्यात तिथल्याच परिसरातले प्राणी, किडे, झाडे. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनपैकी ७८ टक्के ओळखता आली; खऱ्या जीवांपैकी केवळ ५३ टक्के. याचा अर्थ मुलांची बुद्धी कमी पडते असा नव्हे. शेकडो प्रकार, त्यांचे गुण, त्यांची नाती लक्षात ठेवण्याची शक्ती मुलांत भरपूर आहे. आपण ती भलतीकडे खर्ची घालतो, एवढाच याचा अर्थ. मग तीच गोडी, तेच साधन खऱ्या चिमण्या-फुलपाखरांकडे वळवले तर?

असा प्रयत्न झालाही आहे. २००८ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात काही विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून 'आयनॅचरलिस्ट' नावाची जागा सुरू केली. कोणीही आपल्याला दिसलेल्या जीवाचा फोटो तिथे टाकावा, जाणकारांनी त्याची ओळख पटवावी. विद्यार्थ्यांचा प्रकल्प, एवढे ध्यानात ठेवा. आपणही पर्यावरणाचे प्रकल्प करतो, त्याविषयी पुढे बोलायचे आहे. अशा फोटोंवर यंत्राला शिकवून २०१८ साली 'सीक' हे मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी असलेले ॲप त्यातूनच निघाले. कॅमेरा पानावर धरला की ते आधी 'ही सपुष्प वनस्पती' म्हणते, मग कुळ सांगते, आणि आपण जवळ जात, कोन बदलत राहिलो की एकेक पायरी उतरत जातीपर्यंत येते. हे मला आवडले. चांगला शिक्षक एकदम उत्तर सांगत नाही. "अजून नीट बघ" म्हणतो.

टिटवीची गोष्ट

आता माझा अनुभव. गेल्या मे महिन्याच्या सुटीत मैत्रिणीने माझ्या फोनवर असेच एक ॲप घालून दिले. ते घेऊन मी आजीबरोबर शेरडे घेऊन माळावर गेले. आमचा भाग उत्तर सोलापूरचा; पाऊस कमी, झाडी विरळ, जमीन मुरमाड. पहिल्यांदा कॅमेरा धरला तो पिवळ्या फुलांच्या झुडपावर. पडद्यावर लॅटिन नाव आले आणि त्याखाली इंग्रजी: 'टॅनर्स कॅसिया'. मी मोठ्याने वाचले. आजीने विचारले, "म्हंजी काय?" मी म्हणाले, "कातडी कमावणाऱ्याचे झाड." ती म्हणाली, "मग बरोबर हाय की. तरवड हाय ती. हिच्या सालीनं कातडं कमवायचे पूर्वी."

मला नवल वाटले. साहेबाने दिलेले नाव आणि आजीची आठवण, दोघेही एकाच दारात येऊन उभे! पुढे ही गोष्ट वर्गातल्या मैत्रिणीला सांगितली. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. ती म्हणाली, "हे तर आमचे तंगेडू. बतुकम्माला हीच फुले लागतात." तंगेडू हे तेलंगणाचे राज्यपुष्प. एका झुडपाला तीन घरांत तीन नावे, आणि प्रत्येक नावामागे एक काम किंवा एक सण. यंत्राने त्यांतले एक सांगितले. बाकीची दोन त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

पण खरी गोष्ट पुढेच घडली. थोडे चालून गेल्यावर एक टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालू लागली. मला मोठा आनंद झाला. मी फोन वर केला आणि पडद्यात तिला पकडण्यासाठी मागे सरकू लागले. नाव आले, अगदी अचूक आले. तेवढ्यात आजीने माझा दंड धरून ओढला. "आगं, पाय मागं घे! ती वर वरडतीया म्हंजी तू खाली बग."

मी खाली पाहिले. काही दिसले नाही. तिने काठीने दाखवले तेव्हा दिसले. मुरमाच्या खड्यांत, खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी, निमुळती टोके आत करून ठेवलेली. माझी टाच वीतभर अंतरावर होती. घरटे नाही, काडी नाही, आडोसा नाही. जमीन हेच घरटे. त्या अंड्यांसाठी ती जीव तोडून ओरडत होती, आणि मी तिच्या ओरडण्याचा फोटो काढत होते.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. यंत्र चुकले नव्हते. त्याने नाव बरोबर सांगितले होते. पण पक्ष्याचे नाव कळणे आणि पक्षी काय म्हणतो ते कळणे, या दोन गोष्टींत एक टाच आणि चार अंडी एवढे अंतर आहे. पहिली गोष्ट माझ्या हातात होती, दुसरी आजीच्या. आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी चालत असूनही, माझे डोळे पडद्यावर असल्यामुळे, ती मला पोचत नव्हती.

नावांत काय असते?

'नावात काय आहे' असे म्हणण्याची पद्धत आहे. पाखरांच्या मराठी नावांत पुष्कळ आहे. खाटीक पक्ष्याला खाटीक का म्हणतात? तो टोळ, सरडे पकडून काट्यांना टोचून ठेवतो म्हणून. डोंबारी का? नर हवेत वर चढून कोलांटीसारख्या झेपा घेत खाली येतो म्हणून. पावशा 'पेर्ते व्हा' म्हणतो, ते पेरणीची वाट पाहणाऱ्या कानांनीच ऐकलेले आहे. आणि माळढोक? त्याला आमच्याकडची जुनी माणसे 'हूम' म्हणत. नराची साद लांबून तशी घुमते. कोणी तरी कधी तरी तासन्‌तास बघितले, ऐकले, मग एक शब्द झाला. प्रत्येक नाव हे एक निरीक्षण आहे. नाव मेले की ते निरीक्षणही मेले.

हे काम ज्यांनी ओळखले ते मारुती चितमपल्ली आपल्याच सोलापूरचे. वनखात्यात अधिकारी असूनही ते शब्दांसाठी रानातल्या माणसांकडे गेले, पाखरांची आणि झाडांची नावे गोळा केली, पक्षिकोश सिद्ध केला. २००६ साली सोलापूरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्यावर भाषणे पुष्कळ झाली. पण त्यांनी जे केले, ते आपापल्या गावापुरते, आपापल्या घरापुरते पुढे नेणारे किती?

आता यंत्राची दुसरी बाजू पाहा. ते फोटो पाहून शिकते. ज्या भागातून, ज्या जीवाचे फोटो पुष्कळ गेले, तो त्याला चांगला ओळखू येतो. बागेतले गुलाब, तलावावरचे बगळे त्याला झटकन ओळखतात. माळावरचे गवत म्हटले की ते 'गवत' एवढ्यावर थांबते. माझ्यापाशी मारवेल आणि पवना दोन्ही त्याला एकच वाटले. आजीच्या शेरडांना मात्र फरक कळतो! यंत्राचे अज्ञान हे आपल्या दुर्लक्षाचेच प्रतिबिंब आहे. आपण ज्याकडे पाहिले नाही, ते त्याला दिसत नाही.

आणि माळाकडे तर आपण कधीच पाहिले नाही. सरकारी दप्तरात असल्या कित्येक माळांची नोंद 'पडीक' अशी होते. पडीक म्हणजे कामाची नव्हे. मग उत्साही मंडळी येतात आणि 'हिरवळ' करण्यासाठी खड्डे खोदून झाडे लावतात. गवताळ माळ हे स्वतःच एक जिवंत घर आहे, त्यात लांडगा, काळवीट, खोकड, चंडोल, धाविक राहतात आणि दाट झाडी झाली की ते बेघर होतात, हे झाडे लावणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. ज्या साधनाने एखाद्या कुटुंबाला रविवारी माळावर उभे करून 'हे पडीक नाही' एवढे जरी पटवले, तरी त्या साधनाचे पैसे फिटले असे मी म्हणेन.

हूम पुन्हा उभा करावा काय?

आता सर्वांत अवघड प्रश्न. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजला माळढोकाचे अभयारण्य आहे. १९७९ साली ते जाहीर झाले तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावेच्या गावे आली, जमिनींच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांचा राग पाखरावर निघाला. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. तोवर पाखरू जवळजवळ संपले होते. मीटरभर उंचीचा, नर असला तर बारा-चौदा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी साधारणतः वर्षाला एकच अंडे घालतो, तेही टिटवीसारखे उघड्या जमिनीवर. उडताना त्याला समोरच्या विजेच्या तारा नीट दिसत नाहीत. आज देशात उरलेल्यांची संख्या दीडशेहूनही कमी मानतात आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. मी माझ्या आयुष्यात माळढोक पाहिलेला नाही. आजीने लहानपणी पाहिला आहे. ती हात उंचावून दाखवते, "एवढा. आन्‌ चाल कशी? पाटलावानी."

संवर्धित वास्तवाला हे सहज जमेल. नान्नजच्या माळावर फोन धरला की गवतातून पूर्ण आकाराचा हूम चालत येईल, मान फुगवील, साद घालील. मुले टाळ्या पिटतील. हे करावे काय?

पुष्कळ विचार केल्यावर माझे उत्तर असे: करावे, पण एका अटीवर. तो जसा आला तसा मुलांसमोर नाहीसाही झाला पाहिजे. तो का गेला, हे त्या रिकाम्या गवताकडे बघत आईबापांनी आणि मुलांनी ऐकले पाहिजे. कुंपणे, पिके, तारा, शिकार, आणि गावकऱ्यांना न विचारता आखलेल्या रेषा, हे सगळे. नाही तर काय होईल? पडद्यावर हूम आहेच, मग माळावर नसला म्हणून काय बिघडले, असे वाटू लागेल. फोटोला हार घातला म्हणजे माणूस घरात असल्यासारखे वाटत नाही. पण पडद्यावरचा पक्षी चालतो, बोलतो. त्यामुळे फसगत अधिक. आजीचे वाक्य इथे पुन्हा आठवते. ह्याला वास नाही.

दोन आक्षेप

माझे हे म्हणणे ऐकून दोन बाजूंनी आक्षेप आले. आमच्या एका प्राध्यापकांचे म्हणणे, "फोनमुळेच मुले अंगण विसरली. रोग तोच औषध कसे होईल?" यात तथ्य आहे; मी स्वतः टिटवीच्या अंड्यांवर पाय देणार होते. परंतु फोन आता घरात आलेला आहे. आमच्या घरात तो एकच आहे आणि संध्याकाळी वडील कामावरून आले की धाकटा भाऊ त्यावर तुटून पडतो. तो फोन मी फेकून देऊ शकत नाही. त्याचे तोंड खिडकीबाहेर वळवू शकते. शिवाय या साधनात एक गुण आहे, जो बाकीच्या फोनच्या खेळांत नाही: ते चालवायला घराबाहेर पडावेच लागते.

दुसरा आक्षेप मित्रांचा. "आजीचे ज्ञान म्हणतेस, पण त्यात निम्म्या अंधश्रद्धा." हेही खोटे नाही. रात्री टिटवी ओरडली की आमच्या गल्लीत अपशकुन मानतात. पिंगळ्याला धोंडे मारतात. साप म्हटला की आजीच्या हातात काठी येते. मग ती धामण का असेना. मांडुळाविषयीच्या भोंदू समजुतींपायी त्या बिचाऱ्या बिनविषारी सापाची चोरटी विक्री होते आणि माणसे पकडली जातात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. म्हणूनच मी म्हणते की शिकणे दोन्ही बाजूंनी व्हावे. पावसाळ्यात गोठ्याशी धामण निघाली तेव्हा मी आजीला फोनवर धामणीचे चित्र दाखवले, ती उंदीर खाते, तिला विष नाही, हे वाचून दाखवले. आजी म्हणाली, "तुझ्या फोनला कुटं गोठ्यात निजायचं हाय?" पण काठी तिने खाली ठेवली. धामण निघून गेली. कुटुंबाचे शिक्षण म्हणजे हेच ना? मोठ्यांनी लहानांना शिकवायचे आणि लहानांनी मोठ्यांना, आणि मध्ये एखादे पुस्तक किंवा यंत्र असले तर असू द्यावे.

एक सावधगिरीची गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. दुर्मीळ जीव कुठे आहे हे सगळ्या जगाला सांगणे धोक्याचे असते. 'आयनॅचरलिस्ट'वर संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण झाकून ठेवण्याची सोय आहे, ती याचसाठी. गावात आपण काही करायला गेलो तर हे भान आपल्यालाही हवे. कासच्या पठाराची कीर्ती झाली आणि मग फुलांपेक्षा माणसेच अधिक होऊ लागली, तेव्हा रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली. ज्ञान वाटावे, पत्ता वाटण्यापूर्वी विचार करावा.

आपण काय करू शकतो?

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा. २००२ साली जैविक विविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावी लागते. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना हिरिरीने मांडली होती. गावातील माणसांनीच आपल्या झाडापाखरांची, त्यांच्या उपयोगांची नोंद करावी, म्हणजे ज्ञान ज्यांचे आहे त्यांच्या नावावर राहील. प्रत्यक्षात काय झाले? राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची तंबी दिली आणि अनेक ठिकाणी वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. मी एका गावची वही पाहिली. त्यातली गवतांची यादी आणि शेजारच्या गावची यादी अक्षरशः सारखी होती, चुकासुद्धा त्याच! ज्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, त्यांच्या दारात कोणी गेलेच नव्हते.

पण दुसऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपण तरी काय करतो? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशापासून पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे होत आले आणि महाविद्यालयांतही तो विषय आला. त्याचा प्रकल्प आपण कसा लिहितो, हे झेरॉक्सच्या दुकानदाराला विचारावे. तयार प्रकल्प तिथे मिळतात. आपण फक्त नाव घालतो. 'ॲमेझॉनच्या जंगलांचा ऱ्हास' यावर माझ्या ओळखीच्या पाच जणांनी प्रकल्प दिले. माळावर एकानेही दिला नाही. मीही नाही. बर्कलीच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प जगभर पसरला आणि आपला प्रकल्प पुढल्या वर्षी रद्दीत जातो, यात फरक बुद्धीचा नाही.

आपले महाविद्यालय कलेचे. वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आपल्यापाशी नाही, म्हणून हे काम आपले नव्हे, असे वाटणे साहजिक आहे. मला उलट वाटते. कॅमेऱ्याने झाड ओळखणारे यंत्र तयार झालेले आहे; ते आपल्याला बनवायचे नाही. त्याच्याकडे जे नाही ते आहे शब्द, आवाज आणि आठवण. तरवडीची सालीची गोष्ट, तंगेडूचा सण, 'ती ओरडतीया म्हंजी खाली बग' हे वाक्य. हे गोळा करणे, नीट ऐकणे, जसेच्या तसे लिहिणे, पारखणे, हे मराठीच्या, इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचेच काम आहे. नाही तर आपण बी. ए. कशासाठी करतो?

माझी सूचना साधी आहे. पुढल्या वर्षी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी प्रत्येकाने आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाबरोबर दोन तास माळावर, बांधावर किंवा निदान गल्लीत हिंडावे. दहा नावे आणावीत, ज्याने सांगितले त्याच्या आवाजात, त्याच्या संमतीने, त्याच्या नावानिशी. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापकांकडून शास्त्रीय नावे ताडून घ्यावीत. मग आपल्या आवारातल्या झाडांवर आणि गावच्या शाळेबाहेरच्या झाडांवर, खिळे न ठोकता, एकेक पाटी बांधावी. तिच्यावर तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड. फोन धरला की पडद्यावर झाड, आणि कानात कोणाच्या तरी आजीचा आवाज. नेट नसलेल्या गावासाठी पाटीवर साध्या अक्षरांतही चार ओळी लिहाव्यात. आणि त्या आवाजाचे शेवटचे वाक्य नेहमी एकच असावे: 'आता फोन खाली घे आन्‌ बग.'

एवढे झाले तर संवर्धित वास्तव हा शब्द खरा ठरेल. वास्तवात भर पडावी असे वाटत असेल, तर ती फक्त चित्रांची पडून चालणार नाही. माणसांची पडली पाहिजे.

माझी आजी शाळेत गेलेली नाही. मी कॉलेजात जाते याचा तिला अभिमान आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते सांगते. गेल्या वर्षी वर्गात उभी राहून मी गुलमोहर, अशोक, निलगिरी म्हणाले, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. तिच्या जवळची नावे वर्गात सांगण्याजोगी नाहीत असे मला वाटले होते, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा पुढल्या वर्षी त्याच वर्गात उभी राहून चाळीस नावे सांगेन, असे ठरवले आहे. आजीला वय झाले आहे. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.